ए-४४० चा नादकाटा: गिटारवाल्यांनी घ्यावा का?

ऑनलाइन मागवलेला पोलादी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क), म्हणजे आपटला की सेकंदाला ४४० कंपनांचा ‘ए’ सूर देणारा काटा, आता माझ्या क्लासच्या टेबलावर कायमचा मुक्कामाला आलाय. बऱ्यापैकी तारांच्या एका संचापेक्षाही स्वस्त, सेल नको, चार्जिंग नको. माझं मत आधीच सांगते: घ्या. पण बघून घ्या.

शोधायला बसलात की आधी डॉक्टरांचे १२८ नि ५१२ कंपनांचे काटे समोर येतात, मग मनःशांतीवाल्यांचे ४३२ आणि ५२८. त्यांच्याकडे वळूनही बघू नका. फिजिक्सच्या लॅबमधली आठ काट्यांची पेटीही आपल्या कामाची नाही. ती २५६ पासून सुरू होते आणि तिच्यातला ‘ए’ ४२६ च्या आसपास येतो, म्हणजे अर्ध्या सुराच्याही निम्म्याने खाली. काट्यावर ‘ए ४४०’ कोरलेलं हवं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने १९७५ साली पक्कं केलेलं प्रमाण तेच आहे.

काटा गुडघ्यावर हलकेच आपटायचा. टेबलाच्या कडेवर आपटून टोकाला टवका उडाला की सूर कायमचा बिघडला. पाचवी तार, म्हणजे ‘ए’ ची, मोकळी ११० ला असते. तिच्या पाचव्या फ्रेटवर, बरोबर धातूच्या पट्टीच्या डोक्यावर, बोट नुसतं टेकवून छेडलं आणि लगेच उचललं की चौपट, म्हणजे ४४० चा बारीक घंटेसारखा सूर निघतो. यालाच हार्मोनिक म्हणतात. बोट काढल्यावरही तो वाजत राहतो, सगळी मजा त्यातच आहे. डावा हात खुंटीसाठी मोकळा. काटा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? दांडी दातांत धरा. हसू नका, कवटीतून आवाज इतका स्वच्छ येतो की शेजारी मिक्सर चालू असला तरी चालतं. हार्मोनिक ४३८ ला असेल तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तार खालून वर चढवत न्या. हेलकावे लांबत जातात आणि थांबतात. दहा-अकरा वर्षांची पोरंही हे चटकन पकडतात.

एक तार लागली. पुढच्या पाच आपल्या कानावर.

इथे बहुतेक जण पाच-सातची युक्ती शिकवतात: जाड तारेचं पाचव्या फ्रेटवरचं हार्मोनिक आणि तिच्या खालच्या तारेचं सातव्यावरचं एकमेकांशी जुळवायचं. ऐकायला गोड, पण त्यात मेख आहे. सातव्या फ्रेटवरचा सूर हा शुद्ध, तंबोऱ्यातला पंचम असतो आणि गिटारचे फ्रेट मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. फरक प्रत्येक उडीला दोन सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले दोन. किरकोळ वाटतं, पण साचत जातं. ‘ए’ पासून निघालात की चौथी, ‘डी’, दोनने उतरते आणि तिसरी, ‘जी’, चारने. उलट सहावी दोनने चढते आणि तिच्या सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकवरून दुसरी, ‘बी’, लावली की ती चारने चढते. म्हणजे ‘जी’ आणि ‘बी’ यांच्यात आठ सेंटची फट. मोकळा जी कॉर्ड वाजवा, लगेच कळेल. ‘जी’ ला सा धरलं तर ‘बी’ हा त्याचा गंधार. गिटारचा गंधार मुळातच तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधारापेक्षा चौदा सेंट चढा असतो, त्यात हे आठ. मी मिरजेची. तंबोऱ्यांच्या गावात तो गंधार कानाला खुपतोच, आणि मग क्लासमध्ये पोरं गिटारला शिव्या घालतात.

म्हणून माझ्याकडे साखळी नाही, सगळ्या तारा ‘ए’ शीच लावायच्या. पाचव्या तारेचं बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक २२० चं. चौथी तार सातव्या फ्रेटवर दाबून आणि तिसरी दुसऱ्यावर दाबून त्याच्याशी जुळवा. पाचव्यावरच्या ४४० शी दुसरी दहाव्या फ्रेटवर, पहिली पाचव्यावर. सहावी पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचवीशी जुळते. चूक एकीकडून दुसरीकडे सरकत नाही. तारा फळीपासून फार उंच असतील तर मात्र दाबताना सूर चढतो. तिथे आधी गिटार दुरुस्तीला टाका, काट्याला बोल लावू नका.

तक्रारी दोन. सोबत साधी कापडी पिशवीसुद्धा येत नाही आणि बुडाची गोळी इतकी गुळगुळीत की घामेजल्या हातातून सटकते. मी दांडीला सुती दोरा गुंडाळलाय, आवाजात काही फरक पडला नाही.

गणपतीच्या मंडपात ढोल सुरू असताना याचा उपयोग शून्य. तिथे क्लिप ट्यूनरच लावा, तो लाकडाची कंपनं पकडतो, त्याला गोंगाटाशी देणंघेणं नाही. बारा तारांची गिटार असेल तरीही क्लिपच बरी, नाहीतर अर्धा कार्यक्रम खुंट्या पिळण्यात जाईल.