यंत्र खरे होते, ठोकळा प्लास्टिकचा

गेल्या पावसाळ्यात माझ्या खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनॉल झाले आणि तिच्यावर कॅप बसवणे आले. एरवी माप लॅबला पाठवतात, आठवडाभर तात्पुरत्या कॅपवर काढावा लागतो आणि पुन्हा रजा टाकून जावे लागते. त्यामुळे पुण्यातल्या एका दवाखान्यात ‘संगणकावर घडवलेली लिथियम डायसिलिकेटची (हे एक सिरॅमिक) कॅप, एकाच बैठकीत’ असे सांगितल्यावर अठरा हजार रुपये अंगावर येत असूनही मी हो म्हटले.

तंत्र अस्सल आहे, हे आधी नमूद करते. झुरिकमध्ये वर्नर मर्मान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी ते विकसित केले, १९८५ मध्ये पहिल्या रुग्णावर वापरले आणि पुढे ते सेरेक या नावाने जगभर गेले. तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दाढेचे त्रिमितीय चित्र घेतात, पडद्यावर कॅपचा आकार ठरतो आणि शेजारचे यंत्र पाण्याच्या फवाऱ्याखाली ठोकळ्यातून ती कोरून काढते. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले. कौतुकाने मी त्याचा व्हिडिओही काढला. दोन तासांत नवी दाढ घेऊन मी घरी आले.

पाचव्या महिन्यात आरशात पाहते तर कॅपवर हळदीचा पिवळा डाग धरला होता, घासूनही जात नव्हता, आणि चावण्याच्या बाजूचे खाचखळगे झिजून सपाट झाले होते. पोर्सिलेनच्या कपाला वर्षानुवर्षे चहाचा डाग लागत नाही, मग हिला कसा लागला, हा बाळबोध प्रश्न घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला. रूट कॅनॉलमधले भरण ठळक पांढरे दिसत होते, मात्र त्याच्यावर कॅपच्या जागी जेमतेम सावली होती. सिरॅमिक एक्स-रेमध्ये इतके पुसट दिसत नाही, असे ते म्हणाले. मग कॅप कापताना तिच्यातून पांढरी पूड उडायच्या ऐवजी बारीक वळलेल्या साली निघाल्या आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास सुटला. ते पीएमएमए म्हणजे ॲक्रिलिक होते, जे तात्पुरत्या कॅपसाठी वापरतात.

माझा व्हिडिओही त्यांनी पाहिला. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा बहुधा निळसर-जांभळा असतो. कोरून झाल्यावर तो साधारण ८४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजला की मगच दाताचा रंग येतो. माझा ठोकळा सुरुवातीपासून हस्तिदंती होता आणि कॅप यंत्रातून निघून थेट तोंडात गेली. अर्थात काही सिरॅमिक ठोकळे मुळातच दाताच्या रंगाचे येतात आणि त्यांना भट्टी लागत नाही, म्हणून नुसत्या रंगावरून कोणावर आरोप करू नये, हेही त्यांनीच बजावले.

पहिल्या डॉक्टरांना जाब विचारला तेव्हा उत्तर तयार होते: ‘ताई, ती तात्पुरतीच होती, पक्की बसवायला तुम्हीच फिरकला नाहीत.’ बिलावर फक्त ‘कॅप, १ नग’ एवढेच लिहिलेले. सुदैवाने व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेल्या अंदाजपत्रकात लिथियम डायसिलिकेट हा शब्द आणि अठरा हजारांचा आकडा दोन्ही होते. तो संदेश मी डिलीट केला नव्हता, ही केवळ माझ्या आळसाची कृपा.

यंत्र पाहून भुलू नका. ते सिरॅमिकही कोरते आणि प्लास्टिकही. ठोकळ्याच्या खोक्यावर पदार्थाचे नाव आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. खोके आपल्यासमोर उघडायला लावा, लेबलचा फोटो घ्या आणि बिलावर पदार्थाचे नाव लिहून मागा. दुसऱ्या डॉक्टरांनी नव्या कॅपच्या ठोकळ्याचे लेबल मी न मागताच माझ्या केसपेपरवर चिकटवले.

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून जिल्हा आयोगात अर्ज दिला आहे. कापलेल्या कॅपचे दोन तुकडे, पिवळ्या डागासकट, डबीत घालून कपाटात ठेवले आहेत. सुनावणीला तेच घेऊन जाणार आहे.