‘जखम भरून येण्यासाठी’ फळांचा डबा: ३० पैकी १३ खाल्ले आणि बंद केला

आईला १६ वर्षांपासून शुगर आहे. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा तिने गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकले, पिशवी चांगलीच तापलेली होती पण तळपायाची जाणीव कमी झालीये त्यामुळे चटका बसलेला तिला कळलाच नाही, दुसऱ्या दिवशी मोजा काढताना टाचेजवळचा फोड मलाच दिसला. तो फुटला, जखम झाली, दिवसाआड ड्रेसिंग सुरू. मी टेन्शनमध्ये, आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर या डब्याची जाहिरात आली, मधुमेहींची जखम लवकर भरते म्हणे. भरले महिन्याचे ५४०० रुपये. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको, पुण्यातलीच सर्विस आहे.

चांगलं आधी सांगते. डबा सकाळी साडेसातला दारात, एकदाही उशीर नाही, फळं स्वच्छ, आणणारा दादा तर फारच नम्र.

पण आत काय? सफरचंदाच्या फोडी, चिकू, द्राक्षं, अननसाचे दोन तुकडे आणि वर २०० मिलीची ज्यूसची बाटली, तिच्यावर हिरव्या अक्षरात ‘हीलिंग’. शुगरवाल्या माणसाला चिकू आणि ज्यूस एकाच डब्यात! मी पण शहाणी, आठवडाभर बघितलंच नाही, मग एकदा नाश्त्यानंतर दोन तासांनी मोजली तर २४८. एरवी १७०-१८० असायची.

ड्रेसिंगला गेलो तेव्हा डबा सोबतच नेला. तिथल्या डाएटिशियन मॅडमनी झाकण उघडलं आणि आधी बाटली बाजूला काढून ठेवली. म्हणाल्या, नवीन कातडी धरायला कोलॅजन नावाचं प्रोटीन लागतं आणि ते घट्ट व्हायला व्हिटॅमिन सी लागतं, इथपर्यंत जाहिरात बरोबर आहे, पण शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, मग जखम रेंगाळते. ज्यूसमध्ये चोथा जवळजवळ नसतो त्यामुळे साखर भराभर रक्तात जाते. आणि सी तरी कुठलं, १०० ग्रॅम सफरचंदात जेमतेम ५ मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत २०० च्या वर! बाईमाणसाला दिवसाला ६५ लागतं असं आपल्या आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ठरवलंय, म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला तरी काम झालं. वर हेही ऐकवलं की फळात प्रोटीन नावापुरतंच, जखमेला ते डाळ, अंडं, पनीर यातूनच द्या, आणि टाचेवर भार टाकू देऊ नका.

१८० रुपयांच्या डब्यात १३ दिवसांत पेरू एकदाही नाही, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर मावशी ‘सरदार आहेत ताई, घ्या’ म्हणून ओरडत असते. (सरदार ही पेरूची जात, तिला लखनौ-४९ पण म्हणतात, पण तिची निवड आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडीच्या बागेत झाली.) आता रोज एक घेते, फार पिकलेला नाही, थोडा करकरीत. आईची कवळी आहे, बिया खाली अडकतात आणि मग ती अर्धा तास चिडचिड करते, म्हणून मधला गर चमच्याने काढून टाकते आणि बाकीचा किसून देते. आवळा पण असाच किसून, वरणात. शेजारच्या काकू प्रेमाने मोरावळा घेऊन आल्या होत्या, तो पाकातला, तो मीच संपवला. किडनीचा त्रास असेल तर मात्र पेरू सुद्धा डॉक्टरांना विचारूनच द्या, पोटॅशियम असतं त्यात.

आईला डबा देणं बंद केल्यावर आठवड्याभरात शुगर परत १८० च्या आत आली. जखम अजून आहे, पण कडेने गुलाबी दिसायला लागलीये. ते पेरूमुळे असं मी म्हणणार नाही, ड्रेसिंग चालूच आहे आणि इन्सुलिनचा डोस पण वाढवला होता.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे ‘पॅक रिफंडेबल नाही मॅडम, हवं तर चिकूऐवजी केळं देऊ.’ केळं! ५ पैकी २ स्टार, तेही त्या दादासाठी. उरलेले १७ डबे येतायत, माझा पोरगा शाळेत नेतोय, त्याला चिकू आवडतो.