रेव्हिटमधलं सुटं झालेलं अ‍ॅनालिटिकल मॉडेल: टॉवरच्या कामावरचा अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. गेल्या पावसाळ्यापासून घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरचं काम रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) आणि ईटॅब्स (इमारतीच्या सांगाड्याचं विश्लेषण आणि डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) या जोडीवर चाललंय. ड्रॉइंग आणि क्वांटिटी रेव्हिटमध्ये, डिझाइन ईटॅब्समध्ये.

पूर्वी रेव्हिटमध्ये बीम काढला की त्याची अ‍ॅनालिटिकल रेघ, म्हणजे हिशेबासाठी बीमच्या जागी धरलेली साधी रेघ, आपोआप यायची आणि बीम हलवला की तीही हलायची. 2023 च्या आवृत्तीपासून खऱ्या आकाराचं फिजिकल मॉडेल आणि हिशेबाचं अ‍ॅनालिटिकल मॉडेल ही दोन्ही सुटी झाली. आता अ‍ॅनालिटिकल मेंबर (बीम-कॉलमच्या रेघा) आणि पॅनल (स्लॅब-भिंतींचे पृष्ठभाग) हाताने काढायची, नाहीतर डायनॅमो या रेव्हिटमधल्या ऑटोमेशन टूलच्या तयार स्क्रिप्टने फिजिकल मॉडेलवरून करून घ्यायची. ऑफिसात यावर बरीच कुरकुर झाली. माझं म्हणाल तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

का ते सांगतो. आर्किटेक्टला बाहेरची बाजू सपाट हवी असते. 600 बाय 600 मिमीच्या कॉलमला 230 मिमी रुंदीचा बीम बाहेरच्या अंगाला भिडवला की दोघांच्या सेंटरलाइनमध्ये 185 मिमीचं अंतर पडतं. साइटवर काही बिघडत नाही, काँक्रीट एकसंधच पडतं. पण ईटॅब्सला काँक्रीट दिसत नाही, नोड, म्हणजे रेघा जुळण्याचा बिंदू, दिसतो, आणि इथे दोन रेघा भेटतच नाहीत. बीमची दोन्ही टोकं सुटली तर निदान अस्थिरतेचा इशारा मिळतो. एकच सुटलं तर रन निमूट पूर्ण होतो. म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी मी डेड लोडचा (बांधकामाच्या स्वतःच्या वजनाचा) मोमेंट डायग्राम, म्हणजे बीमवर कुठे किती वाकवणारा जोर येतो त्याचा आलेख, उघडतो. एका टोकाला भलामोठा मोमेंट आणि कॉलमपाशी चक्क शून्य दिसलं की समजायचं, बीम कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेला, झालाय. मग रेघ कॉलमच्या सेंटरला ओढायची आणि खरं अंतर हिशेबात धरायचं असेल तर ईटॅब्समध्ये इन्सर्शन पॉइंटने (रेघ न हलवता बीम बाजूला धरायची सोय) ऑफसेट द्यायचा.

टॉयलेटच्या संक (खाली घेतलेल्या) स्लॅबचंही तेच. फिजिकलमध्ये तो 300 मिमी खाली हवाच, नाहीतर प्लंबिंगवाले डोक्यावर बसतात. अ‍ॅनालिटिकलमध्ये तीच पायरी ठेवली तर पॅनल शेजारच्या बीमपासून तुटतं. आम्ही सगळी पॅनल मजल्याच्या लेव्हलवर घेतो आणि भरावाचं वजन वेगळं देतो.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या मिवानच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीट भिंती. स्क्रिप्ट पॅनल बनवून देते, पण दरवाजावरचा पट्टा स्पँड्रेल (भिंतीचाच आडवा भाग) धरायचा की सरळ बीम, हे ती ठरवणार नाही. पिअरची (भिंतीच्या उभ्या भागांची) लेबलंही आम्ही ईटॅब्समध्येच देतो. लोड आणि कॉम्बिनेशनही तिथेच. आयएस 1893 (भाग 1) : 2016 या भारतीय मानकाप्रमाणे भूकंपाच्या विश्लेषणात बीमचा मोमेंट ऑफ इनर्शिया (वाकण्याला होणारा विरोध ठरवणारं माप) मूळच्या 35 टक्के आणि कॉलमचा 70 टक्के धरतो, तोही तिथेच. ड्रॉइंगमधला बीम मात्र आहे तेवढाच राहतो. दोन मॉडेलं तंतोतंत एक असावीत हा हट्टच मला पटत नाही.

त्रास एकच, पण मोठा. आर्किटेक्टने मध्येच एक ग्रिड (कॉलमच्या जागा ठरवणारी रेघ) सरकवली. फिजिकल कॉलम नव्या जागी गेले, अ‍ॅनालिटिकल रेघा जुन्याच जागी उभ्या. हे कोणी ओरडून सांगत नाही. आता ड्रॉइंगचा प्रत्येक सेट पाठवण्याआधी एकाच व्ह्यूमध्ये फिजिकल मॉडेल अर्धपारदर्शक करून वर अ‍ॅनालिटिकल रेघा टाकतो आणि मजला मजला डोळ्यांनी तपासतो. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय मला मिळालेला नाही.

पोडियमसकट (खालच्या रुंद मजल्यांसकट) टॉवर असेल तर ही पद्धत जरूर घ्या. तळ अधिक तीनच्या इमारतीला मी आजही सरळ ईटॅब्समध्येच मॉडेल काढतो. आणि अ‍ॅनालिटिकल मॉडेल ड्राफ्ट्समनकडे सोपवू नका. आमच्याकडे ते डिझाइन करणारा इंजिनिअरच बनवतो, मग ड्राफ्टिंगची मंडळी कितीही रिकामी बसलेली असोत.