आकाशाच्या आकड्यांतून रचना शिकवणारा कोर्स

ग्रहतारे आणि ग्रीक-रोमन पुराणकथांवरून संगीतरचना शिकवणारा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला. अंतराळ म्हटलं की सिंथेसायझरचा लांबलचक सूर आणि भरपूर रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी), ही माझी जुनी सवय. ती इथे मोडली, म्हणून लिहितेय.

सगळ्यात जमलेला धडा गुरूच्या चंद्रांचा. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. त्यावरून तीन वाद्यांची आवर्तनं बांधायची होती. मी हौसेने शेवटी तिघांना एका समेवर आणलं. सरांनी लगेच विचारलं, ‘‘हे तिघे गुरूच्या एका बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत, मग तुमची सम आली कुठून?’’ सम काढली. आता ऐकताना जीव टांगणीला लागतो, आणि तेच हवं होतं.

शेवटच्या रचनेसाठी मी अल्गोल निवडला. ययाती तारकासमूहातला, म्हणजे ग्रीक कथेतल्या पर्सियस या वीराच्या हातातल्या, मेड्युसाच्या कापलेल्या शिराचा तारा. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचा अंधूक जोडीदार तारा आड येतो आणि साधारण दहा तासांत तेज मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास येऊन परत चढतं. तासाला तीन सेकंद धरले, तर रचना 3 मिनिटं 26 सेकंदांची झाली आणि ग्रहण अर्ध्या मिनिटाचं. अशा दोन ग्रहणांच्या मधोमध आणखी एक ग्रहण असतं, पण इतकं हलकं की डोळ्यांना कळत नाही. तिथे मी फक्त चेलोचं कंपन थांबवलंय.

पुराणकथांची बाजू मात्र फारच तोकडी. मेड्युसा म्हणजे राक्षसीण, एवढ्यावर तो धडा उरकला. रोमन कवी ओव्हिड सांगतो ती सुंदर मुलगी, मिनर्व्हा देवीच्या देवळात समुद्रदेव नेपच्यूनने तिच्यावर केलेला अत्याचार, आणि शिक्षा म्हणून तिच्याच केसांचे झालेले साप, यातलं काहीच आलं नाही. हे मी नंतर स्वतः वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण माझ्या ग्रहणात ढोल आणि कर्कश ब्रास भरलेलं होतं. लय-आकृतिबंध शिकायचा असेल तर कोर्स जरूर करा, कथा मात्र आधी वाचून जा. ते अर्धं मिनिट मी पुन्हा लिहायला घेतलंय, या वेळी एकट्या स्त्रीस्वरासाठी.