ड्रेसाज सॅडल घेताय? इंच नंतर मोजा, आधी ट्विस्ट बघा

ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या खेळाचं, सॅडल (खोगीर) बघायला गेलं की बहुतेक जणी आधी विचारतात, सीट किती इंची? मग अंगठ्याने दाबून मऊपणा बघतात. पण घोड्यावरून उतरल्यावर जे दुखतं, त्याचं मूळ बहुधा दुसरीकडेच असतं: ट्विस्टमध्ये, म्हणजे मांड्यांच्या मधे येणाऱ्या सॅडलच्या अरुंद भागात, आणि सीटच्या पुढच्या चढात.

बायकांची कटी रुंद, बसायची दोन हाडं एकमेकांपासून लांब आणि पुढची जघनास्थीची कमान साधारण 80 ते 90 अंशांची. पुरुषांत ती बरीच टोकदार असते. त्यामुळे कंबर जरा पुढे कलली की भार हाडांवरून सरकून थेट नाजूक भागावर येतो. रिकिबीत न उठता बसून ट्रॉट (दुडकी चाल) करायचा म्हटल्यावर हे फार जाणवतं. जाड जेल पॅड घालून ते झाकता येतं, बरं होत नाही.

रुंद ट्विस्टवर मांड्या फाकतात, गुडघे वर येतात, पाठ पोकळ होते. अरुंद ट्विस्टवर मांडी सरळ खाली उतरते. बहुतेक बायकांना हाच मानवतो. पण अतिअरुंद घेतलात तर सगळं वजन मधल्या पट्टीवर. शिवाय घोडा गोल, रुंद पाठीचा असेल तर दुकानातल्या स्टँडवर छान वाटलेला ट्विस्ट त्याच्यावर वेगळाच लागतो.

खोल सीट की मोकळी? खोल सीट नवख्या स्वाराला धीर देते, हे खरं. पण ती अर्धा इंच जरी लहान पडली, तरी मागचा काठ तुम्हाला पुढच्या चढावर ढकलत राहतो. माझं मत मध्यम खोलीच्या बाजूने. भल्यामोठ्या गुडघा-ब्लॉकबद्दलही (गुडघ्यापुढच्या आधाराच्या उशीबद्दल) तेच: पाय जागेवर आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो अडकलेला असतो. रिकीब जिथे अडकवतात तो बार फार पुढे असेल तर पाय पुढे पळतो आणि ब्लॉक त्याला नुसता दाबून धरतो.

आता नावं. विंटेक इझाबेल आणि बेट्स इझाबेल ही एकाच ऑस्ट्रेलियन घराण्यातली, दोन्ही जर्मनीची ड्रेसाज स्वार इझाबेल वेर्थ हिच्या नावाची. पहिलं सिंथेटिक, दुसरं चामड्याचं. दोन्हींत गलेट (पुढची रुंदी ठरवणारी आतली कमान) बदलता येतो, म्हणजे घोडा बदलला किंवा अंगाने भरला तरी तेच सॅडल चालवून बघता येतं. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, रोज पुसावं लागतं; विंटेक ओल्या कापडाने पुसलं की झालं. मात्र मांडीला चामड्याची पकड जास्त सुखाची. कॅनडाची श्लीझ कंपनी बायकांच्या शरीरासाठी वेगळा सांगाडा बनवते; पैसे मोजायची तयारी आणि मापं घ्यायला जाणकार फिटर असेल तरच तिकडे वळा. कानपूरला सॅडल बनवणारे पुष्कळ आणि ते खिशाला परवडतं, पण तिथलं घेताना प्रत्येक नग स्वतः बसून बघा.

क्लबचे वेगवेगळे घोडे वापरत असाल तर मी विंटेक घेईन. स्वतःचा एकच घोडा असेल तर लोकरीच्या भरतीचं, ट्विस्ट जुळणारं, वापरलेलं चामड्याचं. लोकर दबते, पण कारागीर ती कमीजास्त करून देतो.

चाचणी मात्र घोड्यावरच. पॅड न घालता सॅडल ठेवा, बाजूने बघा: सीटचा सर्वांत खोल बिंदू मधोमध हवा. पुढे झुकलेलं सॅडल कितीही महागाचं असो, दुखणारच. मग बसा, रिकिबी सोडा, मागे आडवा तळवा मावतो का बघा. वीसेक मिनिटं बसून ट्रॉट करा. उतरल्यावर घोड्याची पाठ तपासा; घामात मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय किंवा पॅनेल (सॅडलखालची गादी) टेकतच नाहीये. तसं असेल तर तुमची सीट कितीही सुखाची वाटली तरी ते सॅडल परत करा.