मँगोनेट नोंदणी: मोहोरापासून तोडणीपर्यंतचा अनुभव

मराठवाड्यातल्या केशर आंबा पिकवणाऱ्यांनी मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, बाग नोंदवावी का? जरूर, पण मोहोर फुटायच्या आधी. फळ धरल्यावर केलेली नोंदणी फारशी कामाची नाही, कारण निर्यातदार नोंदणी क्रमांकाबरोबर मागच्या फवारण्यांची वहीही मागतो.

कागद मोजकेच: सातबारा, आठ-अ, आधार, बागेचा नकाशा. मग कृषी विभागाची पाहणी. काम अडतं ते सातबाऱ्यावर. ई-पीक पाहणीत आंबा चढलेला नसतो, किंवा गट भावाभावांत सामाईक असतो आणि क्षेत्र जुळत नाही. हे दिवाळीतच तलाठ्याकडून दुरुस्त करून घ्या. नूतनीकरण दरवर्षी लागतं.

खरा कस फवारणीत लागतो. फळात औषधाचा किती अंश उरलेला चालेल याची युरोपात मर्यादा असते. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे फक्त 0.01 मिलिग्रॅम चालतं. म्हणजे 10 टन आंब्यात ग्रॅमचा दहावा भाग! क्लोरपायरीफॉसची तिथली मान्यता 2020 मध्येच गेली, आपल्याकडे मात्र वाळवी दिसली की हात त्याच बाटलीकडे जातो. कपाशीचा पंप आंब्याला वापरलात तर टाकीत उरलेला अंशही फळाच्या तपासणी अहवालात उतरू शकतो. पंप वेगळाच ठेवा. शेजारच्या मोसंबीवरचं औषध वाऱ्यावर येतं, तेव्हा बांधाकडची ओळ निर्यातीतून वगळलेली बरी.

फळमाशीच्या सापळ्यांत कुचराई नको. अळी सापडली म्हणूनच 2014 मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला होता. 2015 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. म्हणून तिकडे जाणारं फळ 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 मिनिटं ठेवतात. कोवळं फळ यात टिकत नाही, देठाजवळ खचतं. तोडणीआधी नमुन्याची फळं बादलीत टाकून पाहा: बुडालं ते तयार, तरंगलं ते झाडावरच राहू द्या. झेल्याने (टोकाला जाळी असलेल्या काठीने), सेंटिमीटरभर देठ ठेवून, ऊन चढायच्या आत तोडा आणि लगेच सावलीत घ्या. आपटलेलं फळ तेव्हा चांगलं दिसतं, डाग नंतर उमटतो.

प्रतवारी आणि पूर्वशीतकरणासाठी (तोडलेलं फळ लगेच थंड करण्यासाठी) जालन्याला पणन मंडळाचं केशर आंबा केंद्र आहे. अमेरिकेसाठी विकिरण (किडीविरुद्ध फळावर किरणांचा मारा) लागतं, त्यासाठी माल वाशीसारख्या विकिरण केंद्रात न्यावा लागतो.

निर्यातदाराला फळ विकणाऱ्याला आयात-निर्यात परवाना लागत नाही. स्वतः पाठवणार असाल तर 500 रुपयांत ऑनलाइन निघतो. मात्र त्यातली माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. आणि हेच नेमके तोडणीचे दिवस, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाका.