नवोदयसाठी गाईडचे उतारे की गोष्टीची पुस्तकं?
आमच्या कुडाळात पाचवीतल्या मुलांच्या आया भेटल्या की हाच विषय, नवोदयला काय वाचून घ्यायचं. म्हणजे सावंतवाडीजवळचं सांगेलीचं जवाहर नवोदय विद्यालय हो, केंद्र सरकारची निवासी शाळा, तिथल्या सहावीच्या ॲडमिशनच्या परीक्षेसाठी. पेपर ८० प्रश्नांचा, १०० मार्कांचा, दोन तास, त्यात भाषेचे २० प्रश्न म्हणजे २५ मार्क, आणि ते येतात चार उताऱ्यांवर, प्रत्येकी पाच.

गाईडचा फायदा खरा आहे, वेळ लावून सोडवायची सवय होते, पर्याय कसे फसवतात ते कळतं, ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायला हात बसतो. पण माझी लेक महिनाभर नुसतं तेच करत होती तर उतारा वाचायच्या आधीच प्रश्न बघून उत्तर शोधायला लागली, आणि "लेखकाला काय म्हणायचंय" असा प्रश्न आला की अडकायची, कारण त्याचं उत्तर एका ओळीत सापडतच नाही ना.

मग बालभारतीचं किशोर मासिक आणि वाचनालयातली पुस्तकं सुरू केली. पावसात लाईट गेली की पडवीत बसून मोठ्याने वाचायचं, मध्येच थांबून विचारायचं, हा असं का वागला गो? अडलेल्या शब्दाचा अर्थ लगेच सांगायचा नाही, मागचंपुढचं वाक्य परत वाचायला लावायचं. याला वेळ लागतो, दोन महिने काही दिसत नाही, पण नंतर तीच मुलगी नवा उतारा न घाबरता वाचते.

मला विचाराल तर चौथीपासून गोष्टी, आणि गाईड शेवटच्या तीन महिन्यांत. परीक्षा तोंडावर असेल तर मात्र गाईडच घ्या, पण झोपताना एक गोष्ट ठेवाच.